उंचावलेल्या ट्रकमधील मागील आस व प्रोपेलर शाफ्टचे कोन

उंचावलेल्या ट्रकमधील मागील आस व प्रोपेलर शाफ्टचे कोन हा मोटारवाहन अभियांत्रिकीतील एक व्यावहारिक विषय आहे. वाहनाचे सस्पेन्शन (निलंबनव्यवस्था) मूळ रचनेपेक्षा उंच केले असता मागील आसाची जागा, पिनियनचा कल आणि गिअरबॉक्सपासून आसापर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा उतार या तिन्ही गोष्टी बदलतात. त्यांचा परस्परांशी पुन्हा मेळ घातला नाही, तर वाहनात कंपने निर्माण होतात, शाफ्टचे सांधे लवकर झिजतात आणि क्वचित धावत्या वाहनाचा शाफ्ट निसटून अपघातही घडू शकतो.

'ट्रक' हा शब्द येथे अमेरिकी अर्थाने घेतला आहे. मराठीत ट्रक म्हटले की मोठी मालमोटार डोळ्यांसमोर येते. अमेरिका व कॅनडात मात्र मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप वाहनालाही ट्रक म्हणतात, आणि जीपसारख्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांचा उल्लेखही बहुधा त्याच वर्गात होतो. खडकाळ वाटा, चिखल व वाळू यांतून जाता यावे आणि मोठे टायर बसवता यावेत यासाठी अशी वाहने उंच करण्याची प्रथा त्या देशांत आणि ऑस्ट्रेलियात रूढ आहे.

मूलभूत रचना

इंजिन पुढे आणि शक्ती मागील चाकांना अशी मांडणी असलेल्या वाहनात इंजिनाची गती गिअरबॉक्समधून बाहेर पडते. चारचाकी शक्तीच्या वाहनात ती पुढे ट्रान्सफर केसमधून जाते. तेथून एक पोकळ पोलादी नळी, म्हणजेच प्रोपेलर शाफ्ट, ती गती मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या डिफरेन्शियलपर्यंत नेते. डिफरेन्शियलच्या तोंडाशी असलेले लहान दंतचक्र म्हणजे पिनियन. ते क्राउन या मोठ्या दंतचक्राला फिरवते आणि गतीची दिशा काटकोनात वळून ती चाकांकडे जाते.

गिअरबॉक्स चासीला जखडलेला असतो, तर मागील आस स्प्रिंगांच्या आधाराने खालीवर होत असतो. दोघांना जोडणाऱ्या शाफ्टला त्यामुळे दोन सवलती द्याव्या लागतात. पहिली, त्याच्या दोन्ही टोकांना कोनात वळता आले पाहिजे. त्यासाठी युनिव्हर्सल जॉइंट असतो. त्यातील चार टोकांच्या तुकड्यावरून गॅरेजमध्ये त्याला नुसते 'क्रॉस' असेही म्हणतात. दुसरी, शाफ्टची लांबी थोडी कमीजास्त झाली पाहिजे. त्यासाठी शाफ्टच्या एका टोकाला खाचांवरून मागेपुढे सरकणारा स्लिप योक असतो.

इतिहास

कोनात वळूनही गती पुढे देणाऱ्या या सांध्याला इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) याच्या नावावरून कार्डन सांधा म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) याने सतराव्या शतकात या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून तो हूकचा सांधा या नावानेही ओळखला जातो. अमेरिकी अभियंता क्लॅरेन्स स्पायसर याला १९०३ मध्ये मोटारगाडीसाठीच्या युनिव्हर्सल जॉइंटचे एकस्व मिळाले. त्यानंतर साखळीने चाके फिरवण्याची जुनी पद्धत मागे पडत गेली आणि प्रोपेलर शाफ्टचा प्रसार झाला.

सुरुवातीच्या काळात दोन रचना प्रचलित होत्या. फोर्ड मॉडेल टी या गाडीत शाफ्ट एका भक्कम नळकांड्यात बंदिस्त असे आणि त्याला पुढच्या टोकाशी एकच सांधा असे. दुसऱ्या रचनेत शाफ्ट उघडा असतो, त्याला दोन सांधे असतात आणि आसाला पुढेमागे धरून ठेवण्याचे तसेच त्याची पीळ सोसण्याचे काम पाट्यांच्या स्प्रिंगा करतात. तिला हॉचकिस रचना म्हणतात. पिकअप वाहनांत हीच टिकून राहिली. या लेखातील बहुतेक विवेचन तिलाच लागू पडते.

सांध्यातील गतीचा चढउतार

युनिव्हर्सल जॉइंट सरळ रेषेत असताना जितक्या वेगाने एक बाजू फिरते तितक्याच वेगाने दुसरी फिरते. कोन पडताच मात्र ही समता मोडते. पुढची बाजू एकसमान वेगाने फिरत असली, तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते व दोनदा मंदावते.

याचे कारण एका सोप्या उदाहरणाने समजते. घड्याळाच्या तबकडीवरील बारा खुणा समान अंतरावर असतात. तीच तबकडी तिरपी धरून पाहिली, तर ती लंबगोल दिसते आणि खुणांमधील अंतरे कुठे दाटलेली, तर कुठे पसरलेली भासतात. सांध्याच्या दोन बाजू एकमेकींना अशाच तिरप्या 'पाहत' असतात. एका बाजूचा समान टप्पा दुसऱ्या बाजूला असमान होऊन पोहोचतो.

हा चढउतार किती असतो, हे गणिताने नेमके सांगता येते. सांध्याचा कोन β मानला, तर मागच्या बाजूचा कमाल वेग पुढच्या वेगाच्या १/cos β पट आणि किमान वेग cos β पट असतो. त्यावरून पुढील आकडे मिळतात:

• ३ अंश कोनात चढउतार सुमारे ०.१४ टक्के
• ५ अंश कोनात सुमारे ०.४ टक्के
• १० अंश कोनात सुमारे १.५ टक्के
• १५ अंश कोनात सुमारे ३.५ टक्के
• २० अंश कोनात सहा टक्क्यांहून अधिक

कोन दुप्पट झाला की चढउतार साधारण चौपट होतो, हे या आकड्यांवरून लक्षात येते. वाहन उंचावल्यावर शाफ्टच्या कोनात पडणारा थोडासा फरकही इतका जाणवतो, याचे मूळ येथे आहे.

दोन सांध्यांनी होणारे निवारण

शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा सांधा पहिल्याने निर्माण केलेला चढउतार उलट दिशेने फेडतो. मात्र ही फेड पूर्ण होण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात.

१. दोन्ही सांध्यांचे कार्यकोन समान असावेत. कार्यकोन म्हणजे सांध्याच्या दोन बाजूंच्या अक्षांमधील प्रत्यक्ष कोन.
२. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच रेषेत असावेत. शाफ्ट उघडून पुन्हा बसवताना तो खाचांवर फिरून बसला, तर ही अट मोडते आणि फेड होण्याऐवजी चढउतारात भर पडते. म्हणून शाफ्ट सोडवण्यापूर्वी खुणा करून ठेवतात.
३. गिअरबॉक्सचा अक्ष, शाफ्ट आणि पिनियनचा अक्ष एकाच उभ्या प्रतलात असावेत. शाफ्ट वरून पाहताही तिरका असेल, तर आडवे कोनही हिशेबात धरावे लागतात.

पहिल्या अटीचा व्यवहारातील अर्थ असा, की गिअरबॉक्समधून बाहेर येणारा अक्ष आणि पिनियनचा अक्ष परस्परांना समांतर असावेत. दोन कार्यकोनांतील फरक एक अंशाच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे.

समांतरता साधली तरी एक गोष्ट उरते. पिनियनला एकसमान गती मिळते हे खरे, परंतु दोन सांध्यांमधला शाफ्ट स्वतः प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेत व सोडत असतो. त्याच्या वजनामुळे हे धक्के चासीपर्यंत पोहोचतात. म्हणून दोन्ही कोन समान असले तरी ते मर्यादेत असावे लागतात आणि शाफ्ट जितका वेगाने फिरेल तितकी ही मर्यादा कमी होते. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक कोष्टकानुसार मिनिटाला ५,००० फेऱ्यांना सुमारे ३.२ अंश, ३,००० फेऱ्यांना ५.८ अंश, २,००० फेऱ्यांना ८.७ अंश आणि १,५०० फेऱ्यांना ११.५ अंश ही कार्यकोनाची कमाल मर्यादा मानली जाते.

कोन शून्यही नसावा. सांध्यातील सुईच्या आकाराचे बेअरिंग थोडे तरी हलत राहिले, तरच त्यांचे वंगण पसरते. ती एकाच जागी दबून राहिली, तर तेथे खाचा पडतात. त्यामुळे साध्या सांध्यात किमान अर्धा ते एक अंश कार्यकोन राखतात.

उंची वाढवल्याचा परिणाम: एक उदाहरण

एका पिकअपमध्ये शाफ्टच्या दोन सांध्यांमधील आडवे अंतर १,२०० मिमी असून मागचा सांधा पुढच्यापेक्षा १०० मिमी खाली आहे, असे मानू. शाफ्टचा उतार ४.८ अंश येतो. गिअरबॉक्स मागच्या दिशेने ३ अंश खाली झुकलेला आहे आणि पिनियनचे नाक तितकेच, म्हणजे ३ अंश, वर रोखलेले आहे. दोन्ही अक्ष समांतर असून दोन्ही कार्यकोन ४.८ वजा ३, म्हणजे १.८ अंश आहेत. ही निर्दोष स्थिती होय.

आता हे वाहन १०० मिमी, म्हणजे सुमारे ४ इंच उंचावले. चासी वर गेली आणि आस जमिनीशी आहे तिथेच राहिला. मागचा सांधा आता पुढच्यापेक्षा २०० मिमी खाली असल्याने शाफ्टचा उतार ९.५ अंश होतो. पिनियनचा कल बदलला नसेल, तर दोन्ही कार्यकोन ६.५ अंश होतात. ते समान आहेत खरे, पण वरील मर्यादेप्रमाणे ६.५ अंशांवर शाफ्टने मिनिटाला सुमारे २,७०० पेक्षा अधिक फेरे घेऊ नयेत. टायरचा व्यास ७८ सेंमी आणि मागील आसाचे गुणोत्तर ३.७३ असेल, तर ताशी ८० किमी वेगाला शाफ्टचे सुमारे २,०३० फेरे होतात आणि ताशी ११० किमी वेगाला सुमारे २,७९०. म्हणजे गावातल्या रस्त्यावर सुरळीत वाटणारे वाहन महामार्गावर मात्र थरथरू लागते.

शाफ्ट आखूड असेल, तर प्रश्न अधिक बिकट होतो. आडवे अंतर १,२०० ऐवजी ६०० मिमी धरले, तर तेवढ्याच उंचीवाढीने शाफ्टचा उतार ९.५ वरून १८.४ अंशांवर जातो. म्हणूनच लांब पिकअपला सहज मानवणारी उंची आखूड जीपला मानवत नाही.

शाफ्टची लांबीही बदलते. पहिल्या उदाहरणात दोन सांध्यांमधील प्रत्यक्ष अंतर १२ मिमीने आणि दुसऱ्यात २४ मिमीने वाढते. ही वाढ स्लिप योक बाहेर सरकून भरून निघते, परंतु तितकी त्याची आतील पकड कमी होते. चाक खड्ड्यात लोंबकळले की आस आणखी खाली जातो. अशा वेळी उरलेली पकड अपुरी पडली, तर योक डुलू लागतो, गिअरबॉक्सचे ऑइल सील गळते आणि अखेरीस शाफ्ट निसटू शकतो.

मागील आसाची जागा

वाहन उंच करताना आस फक्त खाली जातो असे नाही. तो पुढेमागे सरकतो, डावीउजवीकडे सरकतो आणि स्वतःभोवती फिरतोही. यांपैकी काय घडेल, हे सस्पेन्शनच्या प्रकारावर आणि उंची वाढवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

पाट्यांचे सस्पेन्शन

पाट्याचा पुढचा डोळा चासीला स्थिर बोल्टने आणि मागचा डोळा शॅकल या हलत्या दुव्याने जोडलेला असतो. उंची वाढवण्याचे चार प्रमुख मार्ग आहेत.

ठोकळा: आस पाट्यांच्या खाली असेल, तर दोघांमध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. ठोकळ्याचे दोन्ही पृष्ठ समांतर असतील, तर आसाचा कल बदलत नाही. मात्र पाटा व आस यांतील अंतर वाढल्याने आसाची पीळ पाट्यांवर अधिक तरफबळाने येते. एकावर एक दोन ठोकळे ठेवणे धोक्याचे मानले जाते, कारण पिळीमुळे ते घसरून बाहेर पडू शकतात.

अधिक कमानीचे पाटे: जुन्या पाट्यांत एक पाटा वाढवतात किंवा पूर्ण संच बदलतात. कमान वाढल्यावर स्थिर डोळ्यापासून आसापर्यंतचे आडवे अंतर घटते आणि आस किंचित पुढे सरकतो.

लांब शॅकल: मागच्या शॅकलची लांबी वाढवली किंवा त्याची दिशा उलटवली, तर पाट्याचा मागचा डोळा खाली जातो. डोळा ५० मिमी खाली गेला, तर मध्यावर असलेल्या आसापाशी वाहन सुमारे २५ मिमी उंचावते. परंतु पूर्ण पाटाच पुढच्या डोळ्याभोवती फिरत असल्याने १,३०० मिमी लांबीच्या पाट्यात पिनियनचे नाक सुमारे २.२ अंश वर जाते आणि समांतरता बिघडते.

आस पाट्यांखाली नेणे: १९८७ ते १९९५ या काळातील जीप रँग्लर वायजेसारख्या वाहनांत आस मुळात पाट्यांच्या वर असतो. तो पाट्यांच्या खाली नेला, तर उंची एकदम बरीच वाढते. त्यासाठी आसावर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि पिनियनचा कल त्याच वेळी ठरवून घ्यावा लागतो. वेल्डिंग झाल्यावर दुरुस्तीला फार वाव उरत नाही.

कॉइल स्प्रिंगचे सस्पेन्शन

कॉइल स्प्रिंग आसाला नुसता भार देते. त्याला जागेवर धरण्याचे काम पुढेमागे जाणारे दुवे आणि आडवा पॅनहार्ड रॉड करतात. प्रत्येक दुव्याचे टोक वर्तुळाच्या कमानीवर फिरते. ७०० मिमी लांबीचा, आधी आडवा असलेला दुवा १०० मिमी खाली गेला, तर त्याचे टोक सुमारे ७ मिमी पुढे ओढले जाते. वरचे व खालचे दुवे वेगवेगळ्या लांबीचे असतील, तर दोघांची टोके वेगवेगळी ओढली जातात आणि आस स्वतःभोवती फिरून पिनियनचा कल बदलतो. पॅनहार्ड रॉडमुळे आस एका बाजूला सरकतो. ९०० मिमी लांबीच्या आडव्या रॉडमध्ये १०० मिमी उंचीवाढीने हा सरकाव सुमारे ५.६ मिमी असतो. रॉड आधीच तिरका असेल, तर तो याहून जास्त असतो. लांबी कमीजास्त करता येणारे दुवे व रॉड बसवून आस पुन्हा मध्यावर आणि योग्य कलात आणतात.

आसाची काटकोनता

आस चासीला काटकोनात असणे उंचीपेक्षाही महत्त्वाचे आहे. पाट्यांना आसाच्या बैठकीत अडकवणारी मध्य-खिळी नीट बसली नाही किंवा दोन बाजूंचे दुवे असमान राहिले, तर एक चाक पुढे आणि एक मागे राहते. आधारांमधील अंतर १,००० मिमी असताना एका बाजूस ३ मिमी फरक पडला, तर आस सुमारे ०.१७ अंश तिरका होतो. अशा वाहनाचे सुकाणू सरळ रेषेत जातानाही किंचित वळवून धरावे लागते आणि टायर असमान झिजतात. पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून आसापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून, तसेच कर्णाची मापे घेऊन ही तपासणी करतात.

सुधारणेचे उपाय

पाचर: पाटा आणि आसाची बैठक यांच्यामध्ये निमुळती धातूची पाचर घालून पिनियनचे नाक वर किंवा खाली करता येते. पाचर कोणत्या दिशेने घालायची, हे सांध्याच्या प्रकारावरून ठरते.

येथे एक चूक वारंवार आढळते. मागच्या सांध्याचा कोन फार दिसतो म्हणून पिनियन वर उचलून शाफ्टच्या रेषेत आणले जाते. वरील उदाहरणात पिनियन ३ ऐवजी ६ अंश वर केले, तर मागचा कार्यकोन सुमारे ३.५ अंशांवर येतो, पण पुढचा ६.५ च्या आसपासच राहतो. मागचा सांधा पाहायला सरळ झाला, तरी दोन कोनांतील मेळ तुटतो आणि कंपने कमी होण्याऐवजी वाढतात. दोन्ही टोकांना साधे सांधे असतील, तोवर समांतरतेचा नियम सोडता येत नाही.

गिअरबॉक्स खाली घेणे: गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसच्या आधाराखाली तुकडे घालून त्याचे मागचे टोक खाली आणतात. वरील उदाहरणात ते २५ मिमी खाली घेतले आणि इंजिनाचे आधार तेथून ९०० मिमी पुढे असले, तर शाफ्टचा उतार ८.३ अंशांवर येतो व गिअरबॉक्सचा कल ४.६ अंश होतो. पिनियनही १.६ अंशांची पाचर घालून ४.६ अंशांवर आणले, तर दोन्ही कार्यकोन ३.७ अंश होतात. उपाय स्वस्त आहे, परंतु वाहन उंच करून मिळवलेली पोटाखालची मोकळी जागा काही अंशी परत जाते.

दुहेरी कार्डन सांधा: ट्रान्सफर केसकडील टोकाला दोन सांधे एकमेकांना चिकटून असलेला जोडसांधा बसवतात. पुढचा कोन त्याच्या दोन अर्धांत समान विभागला जातो आणि चढउतार तेथल्या तेथे फिटतो. मागच्या सांध्याला मग फेडण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो जवळजवळ सरळ ठेवावा लागतो. या रचनेत समांतरतेचा नियम लागू होत नाही. पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत रोखायचे असते.

मात्र पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये ते एक ते दोन अंश खाली ठेवतात. वाहन जोर घेते तेव्हा पिनियन क्राउनवर चढू पाहते, पाट्यांना पीळ पडतो आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. उभ्या वाहनात खाली ठेवलेले नाक जोराच्या वेळी बरोबर रेषेत येते.

पिनियन फिरवले की मागचा सांधाही वर उचलला जातो, हे ध्यानात ठेवावे लागते. सांधा आसाच्या मध्यापासून ३०० मिमी पुढे असेल, तर ५ अंश फिरवल्याने तो सुमारे २६ मिमी वर येतो आणि शाफ्टचा उतारच बदलतो. म्हणून एकदाच हिशेब करून भागत नाही. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे लागते. नाक फार वर गेल्यास पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल कमी पोहोचते, याचाही विचार करावा लागतो.

स्थिर योक: ट्रान्सफर केसमधील सरकता योक काढून तेथे बोल्टने जखडलेला योक बसवतात आणि लांबीची सवलत शाफ्टच्या अंगात घेतात. त्यामुळे शाफ्टला अधिक लांबी मिळते आणि कोन थोडा कमी होतो. १९९७ ते २००६ या काळात बनलेली जीप रँग्लर टीजे हे याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या आखूड आवृत्तीत पुढील व मागील आसांमधील अंतर ९३.४ इंच (सुमारे २,३७२ मिमी) असून मागचा शाफ्ट फार आखूड आहे. अशा वाहनाची उंची लक्षणीय वाढवताना स्थिर योक आणि दुहेरी कार्डन शाफ्ट बहुधा एकत्रच बसवतात.

दोन तुकड्यांचे शाफ्ट: लांब पिकअपमध्ये शाफ्टचे दोन भाग असून मध्यभागी चासीला टांगलेले बेअरिंग असते. वाहन उंचावल्यावर पुढचा भाग जागेवर राहतो आणि वाढलेला सगळा उतार मागच्या भागावर पडतो. वाहन जागेवरून निघताना गचके बसू लागतात. मधले बेअरिंग ठरावीक जाडीच्या तुकड्यांनी खाली घेऊन कोनांची विभागणी सुधारतात.

कोनांचे मोजमाप

मापे घेताना वाहन सपाट जागेवर आणि स्वतःच्या चाकांवर उभे असावे लागते. जॅकवर उचललेल्या वाहनाचा आस लोंबकळत असल्याने त्या स्थितीतील मापे निरुपयोगी ठरतात. चुंबकाने चिकटणारा कोनमापक गिअरबॉक्सच्या योकवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या योकवर क्रमाने लावून तीन कल नोंदवतात. शेजारच्या दोन कलांमधील फरक म्हणजे त्या सांध्याचा कार्यकोन. कल वर आहे की खाली, हे चिन्हासह लिहिले नाही, तर बेरीज-वजाबाकीत घोटाळा होतो. वाहनाचा नेहमीचा भार मोठा असेल, तर त्या भारासह मापे घेणे योग्य ठरते.

दोषांची लक्षणे

थरथर जाणवली म्हणजे कोनच चुकला असे नसते. शाफ्टचा तोल बिघडला असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. कोनाचा दोष असेल, तर दोन धक्के बसतात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना पहिले कंपन सेकंदाला ५० वेळा आणि दुसरे १०० वेळा होते. टायरचा दोष चाकाच्या गतीने जाणवतो. शाफ्टपेक्षा चाक हळू फिरत असल्याने तो मंद डुगडुगीसारखा असतो. कोनाच्या दोषाची आणखी एक खूण अशी, की ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना कंपनाचे स्वरूप बदलते, कारण जोर बदलला की पिनियनचा कलही बदलतो. जागेवरून निघताना 'टक' असा आवाज, गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळणे आणि सांध्याभोवती गंजाची भुकटी दिसणे ही सांधा झिजल्याची लक्षणे आहेत.

सुरक्षिततेच्या बाबी

आस खाली गेल्याने त्याच्याशी जोडलेल्या इतर वस्तूही ताणल्या जातात. ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची केबल आणि चाकांच्या संवेदकांच्या तारा आस पूर्ण लोंबकळलेला असताना पुरेशा सैल आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह आसाला दांड्याने जोडलेला असतो. हौदा रिकामा असला की चासी वर राहते, व्हॉल्व्ह ते ओळखतो आणि मागचा ब्रेक हलका करतो. वाहन उंचावल्यावर मात्र भरलेला हौदाही त्याला रिकामा भासतो आणि ऐन गरजेच्या वेळी मागचे ब्रेक कमी लागतात. व्हॉल्व्हचा दांडा त्या प्रमाणात लांब करणे किंवा त्याचा आधार हलवणे यासाठी आवश्यक असते.

यू-बोल्ट आवळताना ताणले जातात. म्हणून एकदा काढलेले यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे घ्यावेत आणि काही शे किलोमीटर वाहन चालल्यावर ते पुन्हा आवळावेत, असा दंडक आहे. उंचीबरोबर वाहनाचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि वळणावर ते उलटण्याचा धोका वाढतो. हा धोका शाफ्टचे कोन कितीही अचूक जुळवले तरी कमी होत नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात निर्णय देताना या तरतुदीचा काटेकोर अर्थ उचलून धरला. त्यामुळे अमेरिका व ऑस्ट्रेलियात रूढ असलेले उंचीवाढीचे संच भारतीय रस्त्यांवरील वाहनाला बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.

शाफ्टच्या कोनांचे शास्त्र मात्र केवळ उंचावलेल्या वाहनांपुरते नाही. पाटे बसून गेलेली जुनी जीप, दुरुस्तीत गिअरबॉक्सचा आधार बदललेला टेम्पो किंवा चासी लांबवलेली मालमोटार यांतही हेच कोन बिघडतात आणि त्यांची तपासणीही याच रीतीने केली जाते.

हे सुद्धा पहा

• युनिव्हर्सल जॉइंट
• डिफरेन्शियल
• पाट्यांची स्प्रिंग
• गिअरबॉक्स
• जेरोलामो कार्दानो
• रॉबर्ट हूक